आतून लावलेलं दार

१९ ऑक्टोबर
चिंगीच्या घरून, दुपारी

अगं ऐकलंस का,

लग्नाला इतकी वर्षं झाली, तुला नावानं हाक कधी मारली नाही, आता कागदावर लिहायला लाज वाटते. तेव्हा हाच मायना गोड मानून घे. मी खुशाल. चिंगी खुशाल. तिच्या पोटातलं खुशाल. जावईबापू तर काय, ते कधी खुशाल नसतात? चिंगी खरंच बरी आहे. काल दवाखान्यात दाखवून आणली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या काळजीचं काही नाही. आता ‘दाखवायला का नेली’ म्हणून लगेच फोन उचलू नकोस. सगळं लिहितो. फोनवर माझ्या तोंडून ते निघणार नाही, म्हणून तर पत्र.

शहर मोठं आहे. तू म्हणत होतीस तसं जंगलात फेकलेलं गाव नाही. बस आहे, कॉलेज आहे, दवाखाना चांगला चार मजली आहे. पण कुठल्याही रस्त्यानं मान वर करून चाललं की टोकाला डोंगर उभाच. आपल्या पोरीचं घर अगदी उत्तरेच्या कडेला. शेवटच्या घराचं कुंपण संपलं की झाडी सुरू होते आणि ती कुठे संपते ते इथल्या लोकांनाही सांगता येत नाही. थंडी अशी, की नाक जागेवर आहे ना ते अधूनमधून चाचपून बघावं लागतं.

निघताना तू बजावलं होतंस, “तिथे तिला जपणारं कोणी आहे का ते नीट बघा. नसेल तर सरळ घेऊन या.” मी मान डोलावली होती. माझं लक्ष पहिल्या दिवसापासून त्याच कामावर होतं. तुला माझा स्वभाव माहीत आहे. जन्मभर कुलपं विकली आणि दुरुस्त केली, गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी त्याचे हात बघायची सवय. तर मी इथेही हात बघत होतो.

पहिल्याच दिवशी मनात पाल चुकचुकली. घराच्या दाराला कुलूप नाही. म्हणजे आहे, चांगलं जाड, दारातच बसवलेलं, पण गंजून मेलेलं. दिवसा नाही, रात्री नाही, बाहेर जातानाही नाही. दार नुसतं ओढून घ्यायचं. मी जावईबापूंना विचारलं, तर म्हणाले, “इकडे कोणी लावत नाही, बाबा. राहू द्या.” एवढंच. आणि चिंगीकडे बघितलं. तिनं खाली बघितलं. आता कुलूपवाल्या सासऱ्याला जावई असं उत्तर देतो, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय की नाही, तूच सांग.

पुढे ऐक. घरांना कुलूप नाही, पण गल्लीतल्या कचऱ्याच्या लोखंडी डब्यांना कडी! तीही साधी नाही, पकडीत बोटं घालून आतला खटका दाबला तरच उघडते. मी एक डबा उघडझाप करून बघत होतो, तर रस्त्यापलीकडची म्हातारी खिडकीतून माझ्याकडे टक लावून बघत राहिली. ज्या गावात लोक सोनंनाणं उघड्यावर टाकून कचरा कडीत ठेवतात, त्या गावाबद्दल काय समजायचं?

मग माणसं. शेजारी एक सुतार राहतो, एकटाच, हातभर दाढी. जावईबापू पाणीपुरवठ्यात आहेत, डोंगरावरच्या टाक्या बघायला त्यांना जावं लागतं. ते गेले की हा सुतार दार न वाजवता आत. बूट काढायची जी पुढची छोटी खोली आहे तिथे उभा राहून चिंगीला काहीतरी विचारतो, ती “हो, ठीक आहे” म्हणते, आणि स्वारी चालती होते. मी आलो की दोघांचं बोलणं बंद. एकदा तर संध्याकाळी कोण कुठली बाई भाजीच्या पिशव्या घेऊन सरळ आत शिरली, स्टुलावर बसली, धापा टाकत माझ्याकडे बघून हसली, खिडकीतून बाहेर बघितलं आणि थोड्या वेळानं निघून गेली. चिंगीला विचारलं कोण ती, तर म्हणे, “माहीत नाही हो बाबा, असेल कोणीतरी.” आपल्या घरात, असेल कोणीतरी!

बरं, मला एकट्याला फिरायला जायची बंदी. झाडीच्या बाजूला तर नाहीच. दुकानापर्यंत जायचं म्हटलं तरी सुतार नाहीतर जावईबापू सोबत. मला वाटलं, पाळत ठेवलीय. मला काहीतरी दिसू नये म्हणून ही सगळी धडपड. आणि खरं सांगू का, तुझ्या मनात जे होतं तेच माझ्याही मनात पक्कं होत चाललं. हा माणूस बेफिकीर आहे, पोरीला एकटी टाकून डोंगरावर जातो, घर धर्मशाळेसारखं उघडं. मी तिची बॅग कुठे ठेवलेली असते तेही बघून ठेवलं होतं.

परवा जावईबापू ड्यूटीवर गेले. जेवणं झाली, चिंगी म्हणाली जरा पडते. मी ठरवलं होतंच. कुलूप खोललं, गंज खरवडला, आतली पट्टी सरळ केली, तेल सोडलं. काय सांगू, अर्ध्या तासात कुलूप लोण्यासारखं फिरायला लागलं. चावी आतल्या खिळ्याला लटकत होती, धूळ खात. मी तळघरात हात धुवायला गेलो. वर येऊन बघतो तर दार किलकिलं. मी ओढून घेतलं होतं, मला पक्कं आठवत होतं. म्हटलं, आलं कोणीतरी नाहीतर गेलं कोणीतरी. चिंगी झोपलेली, तिला कशाला उठवा. मी दार लावलं आणि चावी फिरवली. कुलपाचा तो आवाज ऐकून मला इथे आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही.

थोड्या वेळानं दाराची मूठ फिरली.

मी तिथेच होतो. मूठ फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मग कोणीतरी खांद्यानं ढकललं. मी विचारलं नाही कोण आहे म्हणून. मनात म्हटलं, आता सापडलास. बर्फ ओढायचं फावडं कोपऱ्यात होतं, ते हळूच उचललं आणि दाराआड उभा राहिलो. पुन्हा ढकलायची वाट बघत. पण पावलं गेली, धावत. मी गालात हसलो गं. तुला कसं सांगायचं ते ठरवत होतो, की बघ, माझा संशय खरा निघाला.

मग पायरीवर वजन पडलं. फळ्या करकरल्या. माणसाच्या वजनानं फळ्या अशा करकरत नाहीत. दाराच्या फटीतून फुसफुस ऐकू आली, आणि खिडकीतून तपकिरी पाठ सरकत गेली, आपल्या जेवणाच्या टेबलाएवढी. अस्वल होतं. माझा पहिला विचार हाच आला, की बरं झालं, दार लावलेलं होतं. नंतर मी चिंगीला सांगायला आत गेलो. पलंग रिकामा होता.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी कुलूप उघडलं, फावडं घेऊन बाहेर पडलो, काय ओरडत होतो कोण जाणे. सुतार त्याच्या खिडकीतून पत्र्याचा डबा बडवत होता आणि मला आत जा, आत जा म्हणून सांगत होता. अस्वल कचऱ्याच्या डब्याशी खटपट करून कंटाळलं आणि झाडीत गेलं. सुताराच्या मागे मला चिंगी दिसली. उभी होती. दोन्ही हात पोटावर.

वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती ती, मी तळघरात असताना. अस्वल कुंपणातून आलेलं बघितलं आणि घराकडे धावली. आपलं दार लागलेलं. मग सुताराचं दार ढकलून आत शिरली. इथे दारं याचसाठी उघडी असतात गं. या दिवसांत जनावरं खाली उतरतात, रस्त्यावरचा माणूस कुठल्याही घरात शिरला तरी चालतो, पुढची खोली त्याचीच. ती पिशव्यावाली बाई, तो सुतार, रोज येऊन ‘सगळं ठीक ना’ विचारणारा, सगळे याचसाठी. मला सांगितलं नव्हतं, कारण मी तुला सांगितलं असतं आणि तू तिला एक दिवस इथे राहू दिलं नसतंस. खोटं आहे का?

संध्याकाळी जावईबापू आले. चिंगीनं त्यांना सांगितलं की दार थंडीनं आखडलं होतं. त्यांनी दाराला हात लावला, तेल बोटाला लागलं. त्यांनी बोट पँटला पुसलं आणि मला विचारलं, “चहा घेणार ना, बाबा?” कुलूप मीच सगळं काढून ठेवलं. स्क्रू निघता निघेनात.

काल दवाखान्यातून येताना मी तिला विचारलं, की मी आत आहे हे तुला माहीत होतं, मग हाक का मारली नाहीस. एक हाक मारली असतीस तर मी दार उघडलं असतं. ती म्हणाली, “हाक मारली असती तर तुम्ही बाहेर धावत आला असता, बाबा. आणि ते अगदी पायरीजवळ आलं होतं.”

ती दार ढकलत होती तेव्हा तिच्यासाठीच मी दाराआड फावडं घेऊन उभा होतो हे तिला अजून माहीत नाही. तिला सांगायचं की नाही ते तू ठरव, मला ते जमणार नाही.

तर मी शनिवारी निघतोय, एकटाच. तिला चल म्हटलेलं नाही आणि तूही म्हणू नकोस. बाळंतपणाला तू इथे ये. सुताराला भेट, त्या म्हातारीला भेट, जावयाला एकदा डोळे भरून बघ. तिला जपणारं कोणी आहे का, असं तू विचारलं होतंस. आहेत, गल्लीभर आहेत. परवा एकच माणूस कमी पडला आणि तो तू पाठवलेला होता.

तुला तोंड दाखवायला येतोय,
चिंगीचा बाप