माझ्या मापाचा कोट

प्रिय ताई,

आज कपाट आवरलं. तू दिलेले सगळे कपडे वाटायला काढले. लहानपणापासून तुझेच जुने कपडे घालत आले. कधी बाही आखूड, तर कधी कंबर सैल.

लेक म्हणाली, "आई, अगं, मग तुझं काय उरलं?"

मी नवा काळा कोट दाखवला. या वयात वकील झालेय, उद्या पहिल्यांदा कोर्टात उभी राहणार. शिंपी माझं माप घेत होता, तेव्हा ऊर भरून आला होता.

तू सगळं मायेनं दिलंस. तुझं मन दुखेल, म्हणून हे पत्र पाठवणार नाही. फोनवर फक्त "उद्या कोर्टात ये" म्हणेन. तू सवयीनं विचारशील, "कोट छान आहे गं, कुणाचा?"

तेव्हा ताठ मानेनं सांगेन, "माझा."

तुझीच,
धाकटी