नावाचा रकाना

लाडके,

(तुमच्या घराण्यातल्या सुनेनं सासऱ्याचंच काय, नणंदेचंही नाव घ्यायचं नाही, म्हणून पन्नाशी गाठलीस तरी लाडकीच.) मॉस्कोतल्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही सगळे मजेत. आम्ही सगळे म्हणजे आता मी एकटीच.

मामंजींच्या मातीला तुला येता आलं नाही, तर सगळं सांगून टाकते. मार्चमध्ये नारिन शहरात परदेशी डॉक्टरांचं शिबिर आलं. हृदयाचं ऑपरेशन फुकट, पण अर्ज इंग्रजीत. गावात इंग्रजी येणारी मी एकटी (पंचवीस वर्षं पोरांच्या डोक्यात 'हू' आणि 'हूम' कोंबतेय). पहिलाच रकाना रुग्णाच्या नावाचा! मामंजी धापा टाकत म्हणाले, "लिही गं पोरी, मी काय खातोय तुला?" मी म्हटलं, "हात झडेल माझा!" दुसऱ्या कुणाला नुसतं नाव लिहायला सांगावं, तर माझं, शाळेच्या बाईंचं, नाक कापलं जाणार. मग रकान्याबाहेर जात झोकात लिहिलं: 'ती, जी आमच्या घरात मानाच्या जागी बसते, जिची दाढी पांढरी आहे आणि जिला मी रोज चहा देते.' (आपल्या किर्गिझ भाषेत तो आणि ती एकच, त्यामुळे घाईत घोटाळा झाला. पण वाक्य कसं अगदी घडीव!)

दुसऱ्या दिवशी एकेकाचं नाव पुकारत होते. नाव आलं की 'यस' म्हणायचं, असं मी मामंजींना शिकवलं होतं. ठेवणीतली टोपी घालून ते सकाळपासून पुटपुटत होते, "यस, यस." संध्याकाळी टेबलं मिटली तरी त्यांचं नाव नाही. मी विचारायला गेले, तर तिथल्या बाईने हसून माझाच कागद हातात ठेवला. तिला वाटलं, कुणा विद्यार्थ्याचा गृहपाठ. लाल शाईने प्रत्येक 'ती'चा 'तो' केला होता आणि खाली शेरा: 'छान प्रयत्न!' डॉक्टरांची गाडी तोवर खिंडीपलीकडे गेली होती.

मामंजी कागद बघून खोकत खोकत हसले. म्हणाले, "पास झालीस की गं!" अकराव्या दिवशी गेले. मी मारलं गं त्यांना. अडाणी बाईने दुसऱ्याकडून नाव लिहून घेऊन अंगठा उठवला असता तर ते आज चहा मागत बसले असते.

जपून राहा.

तुझी वहिनी,
बेरमेत

ता. क. वाळवलेलं दही आणि मामंजींची टोपी पाठवतेय. टोपी धुवू नकोस.

ता. क. २. खरं काम राहिलंच. तू मुलगी, तुला बंदी नाही. एकदा फोन कर आणि त्यांचं नाव पुकार, शिबिरात पुकारत होते तसं मोठ्याने. बाकी काही बोलू नकोस. 'यस' मी म्हणेन.