नितीनने सांगितलेला सिनेमा

रवि. ९ फेब्रु.

सकाळी बाबांचा फोन. ताईसाठी आलेल्या स्थळाची चौकशी मीच करायची, हे नक्की. "तू सुरतेत, मुलगा सुरतेत. स्थळ आणणारे मामा म्हणतात, इच्छापोरला मोठ्या कंपनीत कायम आहे. तू डोळ्यांनी बघ आणि सांग."

मागच्या वेळी कोणी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. साखरपुडा झाल्यावर कळलं, मुलाचा डिप्लोमा अर्धवट. मोडलं. गावाला मोडलं एवढंच माहीत, का ते नाही. तेव्हापासून ताई लोकांच्या लग्नाचे ब्लाउज शिवून देते, लग्नाला जात नाही. हे दुसऱ्यांदा होता कामा नये.

दुपारी मुलगा स्वतःच बमरोलीला माझ्या खोलीवर हजर. नितीन (पुढे नि.). पत्ता मामांनी दिला म्हणे. हातात खमणचा पुडा आणि पेन ड्राइव्ह. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, बोलणं आपल्याच भागातलं.

"भाऊ, सिनेमे बघतो का? तलवारीचे. फ्रान्सचे."

ज्याची चौकशी, तोच खमण घेऊन येतो. लक्षात ठेवणे.

सिनेमा बघितला मात्र पूर्ण. बोलणं थोडं, ते नि. सांगत गेला; मारामारी जास्त. खमण मी दोनच तुकडे खाल्ले.

मंगळ. ११ फेब्रु.

दिवसभर टेबलावर कापड तपासताना सिनेमाच डोक्यात. माझं काम कापडाच्या ताक्यातला दोष शोधणं, त्यामुळे सिनेमातही तेच दिसलं. पुलावरच्या लढाईत नायकाचा झगा खांद्यावर फाटतो. घोड्यावर बसतो तेव्हा शिवलेला. पुढे जखम डाव्या हाताला, पट्टी उजव्या.

एवढे दोष, तरी ताका परत पाठवावासा वाटत नाही. का?

एक कारण सापडलं. लढण्याआधी ते थांबतात, टोपी काढतात आणि नाव-गाव सांगतात. मी अमका, अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा. मग तलवार. आमच्याकडे नाव-गाव शोधायला मामा, मावशी, शेजारी, तीन फोन, आणि तरी अर्धवट डिप्लोमा निघतो.

दुसरं कारण: वेषांतर. नकली मिशी लावून हेर दरबारात येतो. मला पहिल्या मिनिटाला कळतं, राजाला शेवटपर्यंत नाही. शंका घेणारा माणूस तिथे कायम बरोबर असतो. कारखान्यात मला सगळे "सीबीआय" म्हणतात.

तिसरं नीट सांगता येत नाही. नायकाला माहीत असतं की जेवणाचं आमंत्रण सापळा आहे. तरी जातो. टोपीचं पीस सरळ करून जातो, हसत. मी असतो तर पोट दुखतंय म्हणून कळवलं असतं.

नि.ने हेच सिनेमे का आणले? माझी आवड त्याला कोणी सांगितली? आवड तर मलाच माहीत नव्हती.

रवि. १६ फेब्रु.

नि. पुन्हा आला. या वेळी चौकशी मी सुरू केली.

"पेन ड्राइव्ह कुठून मिळाला?"

"कंपनीत फ्रान्सचे इंजिनिअर आले होते मशीन बसवायला. जाताना एकाने दिला."

म्हणजे कंपनीत आहे. पण इंजिनिअर सफाईवाल्यालाही पेन ड्राइव्ह देऊ शकतो.

"खातं कोणतं?"

"मेंटेनन्स. लाव ना भाऊ सिनेमा, सहाला मला निघायचंय."

खाली इंग्रजी अक्षरं होती. मी अकरावी सोडलेला. पहिली ओळ वाचेपर्यंत तिसरी निघून जाते. नि. शेजारी बसून सांगत होता. आधी मराठीत, रंगात आल्यावर सरळ अहिराणीत. फ्रान्सचा सेनापती "काय रे भो" म्हणाला तेव्हा मी फार हसलो. मला हसवणाऱ्या माणसाची मला भीती वाटते.

गोष्ट अशी. एक तरुण सरदाराच्या कपड्यांत मोठ्या घरी येतो. मुलगी त्याला पसंत करते. तिचा भाऊ शिपायांचा प्रमुख, कडक, कोणावर विश्वास नाही. दोघं जिन्यावर भेटतात. तरुण हातमोजा काढतो आणि बोलतो. नि.ने सांगितलेलं तसंच उतरवतो:

"मी सरदार नही शे. ह्या कपडा उसना शेतस. तुन्या बहिणले सांगी दे, मंग ती म्हनी तसं."

सरदार नाही, कपडे उसने, बहिणीला सांग, मग ती म्हणेल तसं. हे बोलताना नि.चा आवाज पडद्याकडे नाही, माझ्या कानाकडे होता. मी म्हणालो, "हा माणूस मला आवडला."

नि. उठला. पाणी प्यायला. पुढचा सिनेमा त्याने भराभर सांगितला.

बाबांना फोनवर कळवलं: माणूस बरा वाटतो, नोकरीचं अजून बघतो. "बघतो काय? पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे!"

बुध. १९ फेब्रु.

सिनेमाचं नाव मी अक्षर-अक्षर उतरवून घेतलं होतं. आज जेवणाच्या सुट्टीत फोनवर शोधलं. हिंदी आवाज दिलेली प्रत सापडली. जिन्यावरचा प्रसंग पुन्हा बघायचा होता, एवढंच.

जिन्यावर तो तरुण म्हणतो, "मेरा घोड़ा लंगड़ा हो गया है. सुबह तक दूसरा चाहिए."

घोडा!

चुकून वेगळा भाग लागला असेल म्हणून मागेपुढे केलं. तोच जिना, तोच हातमोजा. उसन्या कपड्यांचं वाक्य कुठेच नाही. तो खराच सरदार आहे, शेवटपर्यंत.

संध्याकाळी खोलीवर अख्खा सिनेमा लावला आणि आठवेल तेवढं नि.चं बोलणं ताडून पाहिलं. राजाचं बोलणं बरोबर. सेनापतीचं बरोबर. मुलीचं जवळपास बरोबर. बदललेलं एकाच माणसाचं, फक्त भावाशी बोलतानाचं. म्हणजे त्याला इंग्रजी नीट वाचता येतं. म्हणजे मुद्दाम.

मला येत नाही हे ओळखून माझ्या शेजारी बसून त्याने खोटं सांगितलं.

पण असलं खोटं?

शुक्र. २१ फेब्रु.

सुट्टी टाकून सकाळी सातला इच्छापोर. फाटकासमोर चहाच्या गाडीवर उभा राहिलो. तोंडाला रुमाल बांधला होता. इथे धुळीमुळे सगळेच बांधतात. तरी आपण नकली मिशीवाला हेर, असं वाटत राहिलं.

कंपनीची माणसं मोठ्या फाटकाने कार्ड टेकवून आत जातात. ठेकेदाराची बाजूच्या लहान फाटकाने. तिथे मुकादम हजेरी घेतो.

पावणेआठला नि. आला. लहान फाटक. रांगेत आठवा. मुकादमाने नाव पुकारलं, त्याने हात वर केला.

चहावाल्याला विचारलं, या रांगेतले कधी कायम होतात का? "होते हैं भाई, कोई-कोई." मग माझ्याकडे बघून, "नौकरी के लिए आए हो?"

तेव्हाच नि. वळला. रुमाल असूनही ओळखलं असावं. हात हलवला नाही. आत गेला.

रवि. २३ फेब्रु.

वाटलं होतं येणार नाही. आला. हातात काही नाही.

मी दारातच विचारलं, "कायम की ठेक्यावर?"

"ठेक्यावर. तीन वर्षं झाली."

"मामा कायम म्हणाले."

"मी मामांना दोनदा म्हटलं, खरं सांगा. ते म्हणाले, आधी साखरपुडा होऊ दे, मग बघू."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"गप्प कुठे? तुला सांगितलं ना, मागच्या रविवारी."

"मला? तो सिनेमातला माणूस बोलत होता. तोही तसं बोलतच नाही, त्याचा घोडा लंगडतो!"

त्याला हसू आलं, मग मान खाली. "तोंडावर बोलायला जीभ रेटेना, भाऊ. म्हणून त्याच्या तोंडून बोललो. तू म्हणालास, हा माणूस मला आवडला. मला वाटलं तू ओळखलंस. मला वाटलं झालं, घरी सांगितलं असशील. चार-पाच दिवस मी हलका होतो. मग तुला चहाच्या गाडीवर बघितलं."

मी म्हणालो, "मी फाटकावर आलो नसतो, तर?"

"तर मला वाटत राहिलं असतं की तुम्हाला माहीत आहे."

उत्तर चांगलं आहे. फार चांगलं आहे. आयत्या वेळी सुचलेलं असू शकतं. इंग्रजी वाचत वाचत अहिराणीत गोष्ट रचणाऱ्याला एवढं काय अवघड? पण पाण्याचा पेला त्याने दोनदा उचलला आणि न पिताच खाली ठेवला. तेही रचता येतं का, मला माहीत नाही.

जाताना म्हणाला, "ताईंना सगळं सांग. घोड्याचंही."

संध्याकाळी बाबांचा फोन. मी म्हणालो, आधी ताईला द्या. तिकडे शिलाई मशीनचा आवाज थांबला. तिला पहिल्यापासून सांगितलं: खमण, जिना, लहान फाटक, मुकादम. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. ठेक्याचं ऐकूनही नाही.

शेवटी म्हणाली, "ठेक्यावर आहे तर आहे. निम्मं गाव ठेक्यावर आहे. मला एकच सांग दीपक. त्याने सांगितलं, की तू पकडलंस?"

मी म्हणालो, "दोन्ही."

"दोन्ही नाही चालत. मागच्याला आपण पकडलं होतं. सांगितलं असेल तर मी बाबांना तयार करते. पकडलं असेल तर मला नको. तू होतास तिथे. त्याचं तोंड तू बघितलंस."

पण तो बोलला तेव्हा मी पडद्याकडे बघत होतो.

उद्या सकाळी मी कामावर जायच्या आधी ताई फोन करणार आहे. एका शब्दात उत्तर हवं म्हणाली.