माफ फी आणि केंटकीचा मासा

ती. आर्डिथताईस,

धाकट्या वेंडेलचा नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून उभ्याउभ्याच). तुझी कंबर कशी आहे? कोंबड्या अंडी देतात ना, की अजून रुसल्यात?

ताई, हसू नकोस, पण चौपन्नाव्या वर्षी मी कॉलेजात निघालोय! आमच्या टेनेसी राज्याने पदवी नसलेल्या मोठ्या माणसांनाही दोन वर्षांच्या कॉलेजची फी माफ केलीय. माणूस वर्षभर इथला रहिवासी हवा, एवढंच. मी तर जन्मापासून इथला! इस्त्रीचा शर्ट चढवला, बूट चमकवले आणि डोक्यावर मासेमारीची माझी लकी टोपी घालून कॉलेजच्या कचेरीत गेलो. त्या टोपीनेच घात केला.

खिडकीतल्या टॅमरा नावाच्या पोरीला टोपीला लावलेला मासेमारीचा परवाना दिसला. तिचे वडीलही गळ टाकून बसणाऱ्यांतले. मग मी कसला थांबतोय! शेजारच्या केंटकी राज्यात ताईच्या घरामागे तलाव आहे म्हणालो आणि तिथल्या कॅटफिशचा फोटो खिशातून काढून दाखवला. ती म्हणाली, "केंटकीत? बाहेरच्यांना तिथला परवाना महाग पडतो ना, काका?" मी ऐटीत म्हणालो, "छे गं! ताईचा पत्ता देतो आणि तिथला रहिवासी म्हणून स्वस्तात काढतो!"

टॅमराचा शिक्का हवेतच राहिला. "मग काका, तुम्ही नक्की कुठले?" रांग खदखदली (रांगेत माझा न्हावी होता, म्हणजे गावभर झालंच). मी विजेचं बिल दाखवलं, गाडीचं लायसन्स दाखवलं, शेवटी परवाना तिच्यासमोर टराटरा फाडला. तेव्हा कुठे ती विरघळली. "शुक्रवारपर्यंत ताईंचं पत्र आणा, की तुम्ही तिथे कधी राहिलाच नाहीत."

ताई, कारखाना बंद पडल्यापासून मी नुसता बसून आहे. फ्रीज-एसी दुरुस्तीच्या वर्गाचं वेळापत्रक उशीखाली घेऊन झोपतो. मला हे फार हवंय गं.

तुझा,
वेंडेल

ता. क. पत्रात लिही, की मी तुझ्याकडे दोन दिवसांपेक्षा जास्त कधी टिकलो नाही. (खोटं नाहीच. तिसऱ्या दिवशी तू कुंपण रंगवायला लावतेस.)

ता. क. २. फाडलेला परवाना गेल्या वर्षीचा होता. यंदाचा तुझ्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे. टॅमराला सांगू नकोस.

ता. क. ३. एक अर्ज जास्तीचा आणलाय, तुझ्यासाठी. आई गेल्यावर मला वाढवायला तू कॉलेज सोडलंस, हे मी कधी तोंडाने बोललो नाही. आता तिकडे तू एकटीच आहेस, इथे मागची खोली रिकामी आहे. वर्षभर राहिलीस की तूही इथलीच, तुलाही फी माफ. तू आलीस की माझा तिकडचा पत्ता जाईल, परवाना जाईल, तो तलावही जाईल.

तरी ये. कोंबड्या घेऊन ये.