दुसऱ्याच्या आधी तिसरं रीळ

९ फेब्रुवारी १९७४, भरवेली
खाणीच्या क्लबात इंग्रजी हेरपट. दहा वर्षं जुना, मालिकेतला सुरुवातीचा. नंतरचे दोन नागपूरला पाहिलेत, म्हणून अपेक्षा होती. निराशा. खलनायकाचा मदतनीस दरीत पडून मरतो आणि पुढे निवांत जेवायला बसतो.

११ फेब्रु.
क्लबच्या भिंतपत्रकाला अभिप्राय दिला. हेर हुशार, पटकथा बेफिकीर. मेलेला माणूस जेवतो. बायकांना काम एकच, वाचवलं जाणं. सेक्रेटरी खूश. "मैडम, आपने तो धुलाई कर दी!" बरं वाटलं, कबूल.

१३ फेब्रु.
प्रयोगशाळेच्या दारात रामटेकेकाका. खाणीचे वायरमन, क्लबचा प्रोजेक्टर तेच चालवतात. आत बोलावलं तरी उंबऱ्यावरच.
"ताई, तो मानूस मेल्यावर नाही जेवला. जेवल्यावर मेला."
"म्हणजे?"
"डबे पुसाले घेतलते. नंबराची झाकणं अदलाबदल झाली. तिसरं रीळ आधी लागलं."
आम्ही खनिजाच्या नमुन्यांचा नंबर झाकणावर घालत नाही, डब्याच्या अंगावर घालतो. याच कारणाने. मला तरी सुचायला हवं होतं.
"मला काहून सांगता? कुणाला कळलंही नसतं."
"कागदाखाली नाव तुमचं आहे ना. कोनी हा पिच्चर अगुदर पाह्यला असन, तर तुमाले हासन." मग हळूच, "सेक्रेटरीले कळलं तर मशीन माह्याकडून जाईन."

१७ फेब्रु., रविवार
रीळं उद्या परत जाणार. दुपारी खिडक्या लावून काकांनी मला ती दोन्ही क्रमाने दाखवली. प्रेक्षक एक. पटकथा चोख आहे. बायकांबद्दलचं मत मात्र कायम, असं म्हटलं.
काका म्हणाले, "त्या गाडीवालीनं तं हिरोलेच वाचवलं ना."
खरंच. पहिल्या वेळी निसटलं होतं.
तीन वर्षांच्या नोकरीत माझ्या चुका पुष्कळांनी दाखवल्या. स्वतःची पुढे करून दाखवणारे हे पहिलेच. आभार मानायचे होते. तोंडातून निघालं, "बरं झालं."

१८ फेब्रु.
दुरुस्ती लिहायला घेतली. 'पटकथेवरचा आक्षेप मागे घेते.' का, ते लिहिलं तर काकांचा प्रोजेक्टर जातो. न लिहिलं तर दुरुस्ती अर्धी. त्यांनाच विचारलं.
"लिवा ना खरं. माहं नाव टाका, मोठ्या अक्षरात. पडद्यावर तं कधी येनार नाही." हसले. मग मशीनची भिंगं पुसत राहिले. एकेक, सावकाश.
पहिलं वाक्य झालंय. त्याखाली दोन ओळींची जागा सोडली आहे. सेक्रेटरी उद्या अकराला कागद न्यायला येणार.