बाई, मी मुक्ताला खाली बसवलं

प्रिय बाई,

तुम्ही वारल्याचं कळलं तेव्हा मी खूप रडले, पण लिहिलं काहीच नाही. आज लिहितेय. सातवीच्या वर्गात सहल कुठं न्यायची ते ठरवायला मी हात वर करायला सांगितले, तर एकही हात वर आला नाही. "तुमीच ठरवा बाई," पोरं म्हणाली. असं का झालं ते मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला सांगू?

तुम्ही कळंबहून एसटीनं यायचा. शाळेचा हातपंप बंद पडला तेव्हा तुम्ही आम्हा पोरांकडून अर्ज लिहून घेतलात आणि आम्हाला ग्रामसभेत नेलंत. "लेकरांचं काय काम हितं?" सरपंच म्हणाले. "पाणी त्यांनाच प्यायचंय, त्यांनाच बोलू द्या," तुम्ही म्हणालात. मग अर्ज मी वाचला, अख्खा! हे गाव माझंही आहे, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

त्याच शाळेत आता मी नागरिकशास्त्र शिकवते. यंदा शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक तुमच्यासारखीच घेतली. चिठ्ठ्या, खोक्याची मतपेटी, बोटाला शाई. मुख्यमंत्री म्हणून मुक्ता निवडून आली. आईवडील ऊसतोडीला जातात, ती मामाकडे राहते. प्रचारात एवढंच बोलली होती, "मुलींच्या मुतारीला दार न्हाय. म्या ते मागणार."

निकालाआधी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. शाळा समितीच्या अध्यक्षांचा पुतण्या हरला होता, त्याचंच नाव जाहीर करा, म्हणाले. "पोरांचा खेळ हाय बाई, कशाला ताणता?"

मी ताणलं नाही. परिपाठाला त्याचंच नाव वाचलं.

मुक्ता उभी राहिली. "बाई, चिठ्ठ्या मोजताना म्या हुते की. मग मतं घेतली कशाला?"

"खाली बस," मी म्हणाले.

बाई, ती बसली! आणि तेव्हापासून वर्गात कुणीच काही विचारत नाही.

तुम्ही असं कधी केलं असतं का? सरपंचापुढं बोलायला शिकवलंत; मग आपल्याच साहेबापुढं कसं बोलायचं, तेवढं का नाही शिकवलंत? हा राग खोटा आहे, कळतं मला. पण दुसऱ्या कुणावर काढू?

परवा मी मुक्ताची माफी मागितली. तिनं मान वर केली नाही. "राहू द्या बाई. मला कळलंय आता." काय कळलं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. बारा वर्षांच्या पोरीला ते कळावं, आणि तेही माझ्याकडून!

सोमवारी परिपाठाला मी खरा निकाल वाचणार आहे. मुख्याध्यापकांना सांगून झालं, ते चिडलेत. तेवढ्यानं मुतारीला दार बसेल असं नाही. मुक्ता पुन्हा कधी उभी राहील असंही वाटत नाही. तरी वाचीन. आणि सगळ्या शाळेसमोर सांगेन, की त्या दिवशी चुकली ती मुक्ता नव्हती. भ्याले ती मी होते. हा शब्द तुम्हाला देते.

तुमची विद्यार्थिनी,
सुनंदा