दुसरा भाकरतुकडा

तीर्थरूप बाबांस, बार्शीटाकळीहून हर्षाचा वाकून नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मधेच फोन ठेवला असता, म्हणून लिहिते. मला भारताचं नागरिकत्व मिळायला तुमच्या जन्माचा दाखला हवा होता. आपलं घर अमरावतीचं, म्हणून महिनाभर तिथंच शोधत बसले. काहीच मिळेना. (जेवते वेळेवर, काळजी नको.)

शेवटी इथं तुमच्या माणिकमामींकडे आले. त्या हसतच सुटल्या. "पह्यलं बाळंतपण माहेरी होते, पोरी! तुया बाप याच खोलीत जलमला. म्याच त्याले मांडीवर घेतलं." दाखला दुसऱ्याच दिवशी इथल्या कचेरीत मिळाला.

टोरांटोत थंडी फार आहे का? डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले का?

एक राहिलंच. मी आले तेव्हा मामींनी दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग दुसरा घेतला आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवरून ओवाळला. "हा कुंदनचा, तुया बापाचा. किती वर्षं वाट पाहून राहिली मी त्याची."

मी नकळत बाजूला सरकले, तुम्हाला आत येता यावं म्हणून.

तुमची लेक,
हर्षा